ताडोबाच्या जंगलात आधी कान, मग डोळे



५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस. ते १९३२ साली सोलापूरला जन्मले, वनखात्यात अधिकारी झाले, जन्मभर जंगलात फिरले आणि त्यांनी पक्ष्यांचा मोठा कोश लिहिला. २०२५ च्या जून महिन्यात ते वारले. १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १८९६ सालचा. भारतातले पक्षी मोजणारा आणि ओळखून देणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस झाला नाही, असे गुरुजी सांगतात.

या सप्ताहासाठी गुरुजींनी प्रत्येकाला एक पक्षी वाटून दिला. माझी पाळी येईपर्यंत मोर, पोपट, खंड्या सगळे संपले होते. मी म्हटले, गुरुजी, मी पक्षी नाही घेत, आवाज घेते. गुरुजी म्हणाले, "घे, पण पानभर तरी लिही." पानभरापेक्षा पुष्कळ जास्त झाले आहे. म्हणून तीन ड्रॉइंगचे कागद एकाखाली एक चिकटवले आहेत. उंच पालकांनी वरून सुरुवात करावी.

आवाज का घेतला, ते सांगते. आपले गाव ताडोबाच्या कडेला आहे. पुण्याची, मुंबईची, परदेशातलीसुद्धा माणसे वाघ पाहायला येतात. त्यांना विचारायचे असते की वाघ कुठे आहे, म्हणजे आम्ही तिकडे जाऊ. आपल्या गावच्या बायाही तेच विचारतात की वाघ कुठे आहे, पण म्हणजे आम्ही तिकडे जाणार नाही. प्रश्न एकच आहे. उत्तरही दोघांना एकाच ठिकाणी मिळते. ते डोळ्यांना मिळत नाही, कानांना मिळते. कारण वाघ दिसतो तेव्हा फार जवळ आलेला असतो.

आधी जंगलाची थोडी माहिती. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात आहे. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा ते सुमारे ११६ चौरस किलोमीटर होते. १९८६ साली शेजारी अंधारी अभयारण्य झाले. अंधारी हे नदीचे नाव आहे, अंधाराशी त्याचा संबंध असेल असे माझ्या लहान भावाला वाटते. पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. आतला भाग म्हणजे गाभा, तो सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्याभोवती सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, त्याला बफर म्हणतात. बफरमध्ये गावे आहेत, शेते आहेत, शाळा आहेत. त्यातली एक आपली. वाघाला गाभा कुठे संपतो आणि बफर कुठे लागतो ते कोणी शिकवलेले नाही, त्यामुळे तो दोन्हीकडे फिरतो.

ताडोबा हे नाव तारू नावाच्या गावप्रमुखावरून पडले असे सांगतात. तो वाघाशी लढता लढता मेला. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे देवस्थान आहे आणि गोंड लोक त्याला देव मानतात. जंगलात साग आणि बांबू सर्वांत जास्त. शिवाय ऐन, धावडा, तेंदू, मोह, जांभूळ, अर्जुन. एक पांढऱ्या सालीचे झाड आहे, चांदण्यात ते चमकते, म्हणून त्याला भुताचे झाड म्हणतात. त्याचे खरे नाव कांडोळ. पावसाळ्यात गाभा पर्यटकांसाठी बंद असतो आणि एरवी दर मंगळवारी बंद असतो. आपली सुट्टी रविवारी, जंगलाची मंगळवारी.

गेल्या जानेवारीत आपली सहल ताडोबाला गेली होती. तेव्हा मी तिसरीत होते. वनखात्याच्या मोठ्या उघड्या गाडीत बसवले. माझे मामा तिथे गाईड आहेत आणि त्या दिवशी आमच्याच गाडीवर होते. गेटवर गुरुजींचा मोबाईल ठेवून घेतला. मग मामा म्हणाले, "पोरंहो, वाघ पाहाले आले ना? मंग तोंड बंद अन् कान उघडे ठेवा." मधल्या बाकावरच्या पोरांना हे फार जड गेले.

रस्त्याच्या कडेला ओळीने जुने दगडी खांब दिसले. गोंड राजांच्या काळचे आहेत. त्या खांबांना दोर आणि घंटा बांधलेल्या असायच्या आणि एका घंटेवरून दुसऱ्या घंटेला निरोप जायचा, असे मामांनी सांगितले. आता दोरही नाहीत आणि घंटाही नाहीत. पण मला वाटते जंगलात आजही तसाच निरोप जातो, फक्त घंटा वाजवणारे माणूस नसते.

हा निरोप कसा जातो ते नीट लिहिते, कारण हाच माझा विषय आहे.

सर्वांत वर बसतो वांदर. पुस्तकात त्याला वानर किंवा लंगूर म्हणतात. काळे तोंड, लांब शेपूट. ताडोबात वांदरांची टोळी ज्या झाडावर असते त्याच्या खाली बहुतेक वेळा चितळ असतात. आम्ही हे दोनदा पाहिले. वांदर पाने खाते कमी आणि टाकते जास्त. अर्धी फांदी तोडून दोन पाने खाल्ली की खाली टाकून देते. आमच्या आजीला असे जेवलेले चालत नाही. पण चितळांचे त्यात भले होते. उंचावरची कोवळी पाने, फुले, फळे त्यांना आयती मिळतात. मग चितळ वांदरांना काय देतात? ते नाक देतात. वांदराची नजर तेज आहे, ते लांबचे पाहते. चितळाचे नाक तेज आहे, त्याला वाऱ्यावरचा वास आधी येतो. एकाचे डोळे, दुसऱ्याचे नाक, असा दोघांचा सौदा. कागदावर सही केलेली नाही, पण मोडत नाहीत.

वांदराला वाघ किंवा बिबट दिसला की ते खॅक्, खॅक्, खॉक् असे खोकल्यासारखे ओरडते. ओरडताना ज्या दिशेला प्राणी आहे तिकडे तोंड करून बसते. म्हणून वांदर ओरडले की वांदराकडे नुसते पाहू नये, ते कुठे पाहते आहे ते पाहावे. वांदर वाघापेक्षा बिबट्याला जास्त घाबरते. कारण उघड आहे, बिबट झाडावर चढतो.

चितळाचा आवाज बारीक आणि टोकदार असतो. अंगाने एवढे मोठे असून ते असे ओरडते की वाटावे एखादा पक्षी आहे. ओरडताना शेपूट वर करते, शेपटीची खालची पांढरी बाजू दिसते. पुढचा पाय जमिनीवर आपटते. ते पांढरे दिसले की लांबच्या चितळांनाही समजते. म्हणजे कानाला एक निरोप आणि डोळ्याला एक.

सांबराचा आवाज अगदी वेगळा. ढाँक! असा एकच मोठा आवाज, जणू रिकाम्या पिंपावर कोणी काठी मारली. मग थांबते आणि पुन्हा ढाँक. भेडकी नावाचे लहान हरीण असते, पुस्तकात त्याला भेकर म्हणतात. ते कुत्र्यासारखे भुंकते आणि भुंकत राहते, कंटाळत नाही. रात्री ऐकले तर कोणालाही कुत्राच वाटेल.

आता महत्त्वाचे. सगळ्या आवाजांवर सारखा विश्वास ठेवायचा नसतो. चितळ भित्रे आहे. ते वाघाला ओरडते, बिबट्याला ओरडते, रानकुत्र्याला ओरडते आणि कधी कधी माणसालाही ओरडते. एका संध्याकाळी आपल्या शाळेमागच्या नाल्यापलीकडे चितळ ओरडले. सगळ्या गावाने दारे लावून घेतली. थोड्या वेळाने गावातलेच दोन कुत्रे तिकडून पळत आले, जिभा बाहेर. सांबराचे तसे नाही. सांबर उगाच ओरडत नाही. एकट्या चितळाने हाक दिली तर मामा गाडी हळू करतात. सांबराने दिली तर इंजिन बंद करतात. आणि चितळ, वांदर, सांबर तिघे एका बाजूने ओरडले तर मग मामा बोलतच नाहीत, नुसते बोट दाखवतात.

सहलीत असे झाले, पण दोघांचेच. आधी वांदर ओरडले, मग बांबूच्या बेटामागून सांबर. ढाँक ऐकून आमच्यातल्या एका मुलीने गुरुजींचा हात धरला. आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. वाघ आला नाही. रस्त्याच्या मऊ धुळीत पंजाचे ताजे ठसे मात्र होते. गाडीतून खाली उतरू देत नाहीत, म्हणून वरूनच पाहिले. नराचा ठसा चौकोनी आणि मादीचा लांबट असतो. तो लांबट होता, म्हणजे वाघीण. अर्धी गाडी रुसली. मामा म्हणाले, "ते बांबूत बसून हाय. तुमी नाही पाहिली, पण तिनं तुमाले पाहिलं." मला हे ऐकून वाघ दिसल्यापेक्षाही जास्त काहीतरी वाटले. पाठीवर मुंगी चालल्यासारखे.

परत आल्यावर वर्गात एका मुलाने चांगला प्रश्न विचारला. तो म्हणाला, ओरडणारे हरीण वेडेच म्हणायचे. गप्प पळून जायचे सोडून ओरडते आणि वाघाला आपली जागा दाखवते. गुरुजींनी त्याचे उत्तर लगेच दिले नाही, आम्हाला एक दिवस विचार करायला दिला. उत्तर असे आहे. वाघ फार लांब धावत नाही. तो लपत लपत अगदी जवळ येतो आणि मग एकदम झेप घेतो. त्याची सगळी युक्ती लपण्यात आहे. हरणाने एकदा हाक दिली म्हणजे ते वाघाला सांगते की बाबा, तू दिसलास. मग लपणे संपले. पुष्कळदा वाघ तिथून उठून सरळ चालू लागतो. म्हणजे ती हाक भाऊबंदांनाही असते आणि वाघालाही असते. हरीण वेडे नाही, हुशार आहे. चोर घरात शिरण्याआधीच कोणी "कोण आहे रे तिकडे" म्हटले तर चोर काय करील?

आता पक्ष्यांकडे येते, नाहीतर पक्षी सप्ताहात हरणांचेच लिहिले असे कोणी म्हणेल.

पक्षीसुद्धा पहारा करतात. मोराचा नेहमीचा आवाज सगळ्यांना माहीत आहे, पावसाळ्यात सारखा ऐकू येतो. पण वाघ दिसला तर मोर वेगळा आवाज काढतो, आखूड आणि भसाडा, आणि एकदम उडून झाडावर जातो. टकाचोर नावाचा विटकरी अंगाचा, काळ्या डोक्याचा, लांब शेपटीचा पक्षी आहे. कावळ्याचाच नातेवाईक आहे आणि तसाच भांडखोर आहे. बिबट झाडाखाली असला की टकाचोर वरून कर्कश ओरडतात. सातभाई नेहमी सात-आठ मिळून असतात आणि त्यांचे तर कायमच भांडण चालू असते. पण साप दिसला की ते गोल करून एकाच जागी पाहत ओरडतात. त्या जागी पाय ठेवू नये.

हे पाहायला ताडोबात जायची गरज नाही. आपल्या शाळेच्या कडुनिंबात पिंगळा राहतो. पिंगळा म्हणजे लहान घुबड. दिवसा तो बाहेर आला की कोतवाल, साळुंक्या, बुलबुल मिळून त्याच्यावर धावून जातात आणि गोंधळ घालतात. मधल्या सुट्टीत असा गोंधळ ऐकला तर वर बघा, बहुतेक पिंगळाच असतो. नाहीतर शिक्रा.

टिटवीबद्दल आपल्याकडे म्हणतात की रात्री टिटवी ओरडली तर वाईट बातमी येते. बातमी खरी असते, पण ती एवढीच की जमिनीवरून कोणीतरी चालले आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. अंडी खड्यांसारखी दिसतात, सापडत नाहीत. म्हणून कुत्रा, माणूस, बैल कोणीही जवळ आले की ती ओरडत उडते. ती वाघालाही ओरडेल आणि पोस्टमनलाही.

आणि एक फसवणारा आहे. भृंगराज. काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. तो दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. मामांनी दाखवला तेव्हा आधी एक आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा, आणि झाडावर तो एकटाच. म्हणून एका आवाजावर निकाल देऊ नये.

सहलीत पाहिलेले बाकीचे पक्षी थोडक्यात लिहिते. तळ्यावर पाणकावळे पंख पसरून उन्हात बसले होते. त्यांची पिसे पाण्यात भिजतात म्हणून वाळवावी लागतात. कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालत होता, त्याची बोटे फार लांब, म्हणून पान बुडत नाही. काठावर मगर पडली होती. ती इतकी हलली नाही की दोन मुलांनी ती सिमेंटची आहे असे जाहीर केले. वाळक्या झाडावर राखी डोक्याचा मत्स्यगरुड होता. आत रस्त्यावर तुरेबाज सर्पगरुड होता, डोक्याचा तुरा फुगवून. तो साप खातो.

हरियाल दिसला. तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. कबुतरासारखा, हिरवट पिवळा, पाय पिवळे धमक. उंबर, वड, पिंपळ यांची फळे खातो आणि खाली जमिनीवर फारसा येत नाही. पंचवीस हरियाल एका वडावर असले तरी दिसत नाहीत, पाने आणि ते सारखेच. फळे टपटप पडतात त्यावरून समजते. म्हणजे इथेसुद्धा आधी कान!

मला सर्वांत आवडला तो राखी धनेश. त्याची मादी झाडाच्या ढोलीत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. मग नर फळे आणून फटीतून भरवतो. नर आला नाही तर आत सगळे उपाशी. हे ऐकून माझ्या आईने बाबांकडे पाहिले.

नवरंग सहलीत दिसला नाही, कारण तो हिवाळ्यात इथे नसतो. तो पावसाच्या तोंडावर येतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. त्याच सुमारास पावशा पेर्ते व्हा, पेर्ते व्हा म्हणतो. ही दोन पाखरे बोलू लागली की बाबा बियाण्याचे पोते उघडतात.

पक्षी ओळखायची एक सोपी रीत गुरुजींनी शिकवली. रंग आधी पाहू नये, उन्हात आणि सावलीत रंग बदलतो. आधी माप घ्यावे. चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा? मग चोच पाहावी. मग शेपूट. मग तो काय करतो आहे, चालतो, उड्या मारतो, की खोडाला चिकटतो? रंग सर्वांत शेवटी. कपडे मातकट किंवा हिरवे घालावे. बोट दाखवताना हात झटकन वर करू नये, पाखरू उडते.

आता जे लिहायचे म्हणून मी हा विषय घेतला ते लिहिते.

फाल्गुन-चैत्रात मोह पडतो. मोहाची फुले पहाटे गळतात. आपल्या गावच्या बाया टोपल्या घेऊन जंगलात जातात, माझी आईही जाते. फुले वेचायची, अंगणात वाळवायची आणि विकायची. माझे दप्तर आणि या वर्षीच्या वह्या मोहाच्या पैशाच्या आहेत. त्यानंतर तेंदूपत्ता येतो. म्हणजे उन्हाळ्यात दोन महिने गावातली मोठी माणसे जंगलात असतात.

गेल्या चैत्रात शेजारच्या गावच्या एक काकू मोह वेचताना वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या एकट्याच पुढे गेल्या होत्या आणि उजाडले नव्हते. त्यांची मुलगी माझ्याएवढी आहे. याच्यापेक्षा जास्त मी लिहीत नाही, गुरुजींनी लिहायला सांगितले तरी.

मामा सांगतात की माणूस उभा असताना वाघाला वेगळा दिसतो. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस त्याला लांबून चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. मोह वेचणारी बाई सगळा वेळ वाकलेलीच असते आणि तिचे डोळे खाली असतात. मग तिच्याजवळ काय उरते? कान. आई म्हणते, "वांदर झाडावरून पायते, आपण वाकून खाली पायतो. मंग त्याचंच खरं मानाचं."

आमच्या मोहल्ल्यातल्या बाया आता असे करतात. पाच-सहाजणी मिळूनच जायचे. चांगले उजाडल्यावर निघायचे, थोडी फुले आधी चितळांनी खाल्ली तरी चालतील. झाडाखाली पोहोचल्यावर लगेच वाकायचे नाही. आधी सगळ्यांनी गप्प उभे राहायचे आणि ऐकायचे. पाखरे नेहमीसारखी बोलत आहेत का, वांदर आरामात खात आहेत का? खात असतील तर बरे. मग एकीने उभे राहायचे, बाकीच्यांनी वेचायचे, पाळी बदलायची. वेचताना मोठ्याने बोलायचे, हसायचे. सांबर ओरडले तर टोपली भरली की नाही ते पाहायचे नाही, एकत्र परत फिरायचे. पळायचे तर मुळीच नाही. पहिल्या दिवशी दोन आज्या म्हणाल्या की आमच्या वेळी असले काही नव्हते. आता त्याच सगळ्यांत आधी "चूप गे, ऐका" म्हणतात.

झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात, ते मात्र वनखात्याचे लोक नको म्हणतात आणि ते बरोबर आहे. त्यातून जंगलाला वणवा लागतो आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पाखरांचे काही उरत नाही. आमच्याकडे आता झाडाखाली जुनी लुगडी पसरतात. फुलेही स्वच्छ राहतात.

अस्वलाचे वेगळे आहे. अस्वलालाही मोह फार आवडतो आणि ते त्याच वेळी त्याच झाडाखाली येते. ते आले तर कोणी ओरडून सांगेलच असे नाही. पण त्याला दिसते कमी आणि आपले बोलणे ऐकले की बहुतेक ते वाट सोडते. म्हणून तिथे ऐकण्यापेक्षा बोलणे बरे. वाघासाठी ऐकायचे आणि अस्वलासाठी बोलायचे, आई म्हणते की बाईमाणसाला दोन्ही एकदम येते.

काही आवाज भीतीचे नसतात, तेही माहीत पाहिजेत, नाहीतर रोजच परत यावे लागेल. सकाळी वांदर हूप, हूप असा मोठा आवाज काढतात, तो आनंदाचा किंवा टोळीची जागा सांगणारा असतो. तेव्हा ते उड्या मारत असतात. भीतीची हाक देताना ते जागेवर थांबून पाहतात. उन्हाळ्यात नर चितळ लांब, घोगरे ओरडतात, ते आपसातल्या भांडणाचे आणि मादीला बोलावण्याचे असते. तो आवाज लांबट असतो, भीतीचा आवाज आखूड असतो. आखूड आणि पुन्हा पुन्हा म्हणजे सावध.

वांदराची, चितळाची आणि सांबराची हाक मला काढता येते. ज्या पालकांना ऐकायची असेल त्यांनी चौथीच्या वर्गात विचारावे. सांबराची हाक मात्र शाळेत काढायची नाही असे मोठ्या बाईंनी सांगितले आहे, पहिलीची मुले रडतात. ती मैदानात काढून दाखवीन.

या भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला दोरीने एक वही बांधली आहे. पेन्सिलही आहे, कृपया नेऊ नये. गावात किंवा शेतात कोणतीही हाक ऐकली तर तारीख, वेळ, कोणाची हाक आणि कोणत्या बाजूने, एवढे लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आम्ही लिहू. रोज शाळा सुटताना मी वही वाचते आणि नाल्याच्या वाटेने जाणाऱ्या मुलांना सांगते. कालची नोंद अशी आहे: संध्याकाळी साडेपाच, सांबर, दोन वेळा, तळ्याच्या पाळीकडून. आज तिकडची मुले मोठ्या रस्त्याने घरी जातील आणि त्यांना न्यायला एका पालकांनी यावे.